गॅरेजच्या मागं बसतात ते

हनुमंतला आयुष्यात एका गोष्टीचा भारी अभिमान होता. दारूवर त्यानं स्वतःच्या खिशातला एक रुपयाही कधी घालवला नव्हता. भाज्यात, म्हणजे त्याच्या गावात, पगाराच्या दिवशी दुकानापुढं घुटमळणारे होते, बायकोच्या कानातलं मोडणारे होते. त्यांच्याकडे बघून हनुमंत मान हलवायचा आणि म्हणायचा, "काय ही दारुडी मान्सं!" एवढं बोलून स्वतः सोमवारपासून बुधवारपर्यंत तर्र असायचा.

याला कारण त्याची नोकरी. मळवलीला मुंबईच्या एका साहेबांचा बंगला तो सांभाळायचा. पूर्वी साहेब स्वतः यायचे, दोन दिवस पिठलं-भाकरी खाऊन लोळायचे आणि परत जायचे. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या मुलानं अंगणात पोहायचा तलाव खणला आणि बंगला मोबाइलवरून भाड्यानं द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी वीस-पंचवीस तरुण मंडळी गाड्या भरून यायची, रविवारी दुपारी डोळे चोळत निघायची, आणि निघताना कुणीतरी हमखास म्हणायचं, "काका, फ्रिजमध्ये राहिलंय ते तुम्ही ठेवा हं!"

राहिलेलं म्हणजे श्रीखंड नव्हे, हे सांगायला नको. पाव बाटली, अर्धी बाटली, चार-पाच बिअर. सोमवारी सकाळी आठला हनुमंत एकटाच सफाईला जायचा. ओतून टाकणं जिवावर यायचं. ताटात काही टाकू नये असं आईनं लहानपणी शिकवलं होतं आणि आईची ही एवढी एकच शिकवण त्यानं मनापासून पाळली.

मग एका सोमवारी त्याची मुलगी प्रतीक्षा कॉलेजला जाता जाता डबा द्यायला बंगल्यावर आली. बाप तलावाच्या काठावर आडवा पडला होता, एक पाय पाण्यात, चप्पल तरंगत होती. तिला वाटलं, गेला. जवळ गेली तेव्हा घोरणं ऐकू आलं. ती ओरडली नाही की रडली नाही. तिनं त्याचा पाय पाण्याबाहेर काढला, ओढणीनं पुसला, चप्पल काठीनं ओढून शेजारी ठेवली आणि निघून गेली. हनुमंत अर्धवट जागा होता. त्यानं ते सगळं पाहिलं होतं, आणि त्या पायाचं पुसणं त्याला त्या रात्री झोपू देईना.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं सोडली. हात लटलटा कापायला लागले तेव्हा सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "हाताचं मी बघतो. सोमवारचं तुम्ही बघा." नशिबानं मधल्या शनिवार-रविवारी बंगल्यावर कुणी आलं नाही, तलावाचा पंप जळाला होता. म्हणून पहिला सोमवार कोरडा गेला. पण पंप दुरुस्त झाला. येत्या शुक्रवारी तेवीस पाहुणे येणार असा निरोप आला. शुक्रवार-शनिवार तो काढू शकला असता. कामाच्या धबडग्यात माणूस तरून जातो. भीती होती ती सोमवारची. एकट्यानं फ्रिज उघडला की आपलं काय होणार, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

बुधवारी त्यानं प्रतीक्षाला फोन लावायला मोबाइल उघडला तर तिच्या नावाखाली "प्रतीक्षा २" असा आणखी एक नंबर दिसला. पोरीनं दुसरं सिम घेतलेलं दिसतंय, असं म्हणून त्यानं तोच लावला.

"हां बाळा, कुटं हायेस?"

पलीकडून जाड पुरुषी आवाज आला, "बाळा नाही, सुहास बोलतोय. दारूचा त्रास आहे का?"

हनुमंतनं फोन असा कापला की जणू विंचू चावला. पोरीची चलाखी त्याच्या लक्षात आली. दहा मिनिटांत तो बंगल्याला तीन प्रदक्षिणा घालून आला, मग टाकीच्या जिन्यावर चढला, कारण रेंज तिथंच यायची, आणि त्यानं पुन्हा फोन लावला.

सुहास नावाचा तो माणूस शांतपणे म्हणाला, "आम्ही दर गुरुवारी साडेपाचला लोणावळ्यात, तुंगार्लीला बसतो. तुम्ही या."

"बसता?" हनुमंत दचकला. आपल्याकडे 'आज बसायचं का?' असं कुणी विचारलं तर माणूस सतरंजी शोधत नाही, ग्लास शोधतो.

"हो, गोल करून बसतो. आपलं आपलं मन मोकळं करतो. नाव-गाव, जात-पात कुणी विचारत नाही. तिथलं बोलणं तिथंच राहतं. स्टँडवरून रिक्षा करा, गॅरेज आहे ना, त्याच्या मागं बा—" एवढ्यात रेंज गेली.

गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून हनुमंत मळवलीहून गाडीत बसला. लोणावळा म्हणजे पुढचंच स्टेशन, पण त्याला वाटलं आपण परमुलखात चाललोय. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून त्यानं रुमाल कपाळापर्यंत ओढला होता. त्यामुळं सगळ्या डब्याचं लक्ष त्याच्याकडेच होतं. बायकोला, रेणुकाला, त्यानं सांगितलं होतं की पंपाचा वायसर आणायला जातो. बैठक सापडली नाही तर काय, हा विचार मात्र रुमालाखाली काही झाकला जात नव्हता.

स्टँडवर कैलास नावाचा रिक्षावाला होता; नाव रिक्षावरच मोठ्या अक्षरात होतं. हनुमंत त्याच्या कानाशी गेला. दारू सोडणाऱ्यांची बैठक कुठं भरते, हे तोंडातून निघेना. तो म्हणाला, "भाऊ, तुंगार्लीत ते गॅरेजच्या मागं... गुरुवारी बसत्यात ते..."

कैलासनं त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि डोळा मारला. "बसत्यात की! एकट्या गुरुवारी कशाला, रोज बसत्यात. चला."

रोज? हनुमंतला बरं वाटलं. म्हणजे संस्था मोठी दिसते.

गॅरेजच्या मागं पत्र्याची शेड होती. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, मध्ये उलटा ड्रम, त्यावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर शेंगदाणे आणि चिरलेला कांदा. पाच जण बसले होते. हनुमंत दारात घुटमळला तसे सगळे एकदम म्हणाले, "या, या! बसा!"

"नवीन दिसताय," एक जाडजूड, टोपीवाले गृहस्थ प्रेमानं म्हणाले. "बरं केलंत आलात. घरात बसून नुसतं डोकं फिरतं."

"इथलं इथं ठेवायचं बरं का," दुसरा म्हणाला. "आमची एवढी एकच अट."

अगदी फोनवर सांगितलं तसंच! हनुमंतचा ऊर भरून आला. एवढी चांगली माणसं सात-आठ किलोमीटरवर होती आणि आपण पाच वर्षं एकट्यानं झुरत होतो. कुणी शेंगदाणे पुढं केले, कुणी खुर्ची पुसून दिली. आता आपणही मन मोकळं करायला हवं, असं त्याला वाटलं. तो उभा राहिला, हात जोडले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "माजं नाव हनुमंत. आज दहावा दिस हाये."

दहावा म्हटल्याबरोबर सगळे ताडकन उठून उभे राहिले. जाडजूड गृहस्थांनी टोपी काढली. एकानं शेंगदाण्याचा घास तोंडातच धरून ठेवला.

"अरेरेरे," टोपीवाले म्हणाले. "कुणाचा हो?"

"माजाच."

एकजण नकळत पाऊलभर मागं सरकला.

"तुमचाच म्हणजे?"

"म्हंजी दहा दिस झालं. दहा दिस म्या थेंबाला शिवलो न्हाई."

सुटकेचा एवढा मोठा सुस्कारा त्या शेडनं आजवर ऐकला नसेल. आणि त्यामागोमाग दयेचा पूर आला. "दहा दिवस! अहो, काय दशा झाली असेल माणसाची! निवृत्ती, काढ रे. आधी यांना दे, आपलं नंतर." निवृत्ती नावाच्या किडकिडीत माणसानं ड्रममागं हात घातला आणि बाटली काढली. ग्लास आला. पाणी आलं. पाच वर्षं दर सोमवारी नाकात बसलेला तो वास शेडभर झाला.

आता खोटं कशाला सांगायचं, हनुमंतचा हात पुढं झाला. त्याला कळायच्या आत झाला. बोटं ग्लासाला लागली तेव्हा कुठं डोकं जागेवर आलं आणि त्याला सगळा घोटाळा उमगला. त्याचे डोळे भरले. रागानं म्हणा, लाजेनं म्हणा, तहानेनं म्हणा, तिन्ही मिळून म्हणा.

"अवो," तो रडवेला होऊन म्हणाला, "मी सोडायला आलोय!"

मग टोपीवाल्या गृहस्थांच्या पोटात काहीतरी हललं, आणि ते हसायला लागले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अहो, सोडणारे मागच्या बालवाडीत बसतात! आम्ही पुढं बसतो!" बाकीचेही हसले, पण एकानं चटकन ग्लास त्याच्यापुढून उचलून पाठीमागं लपवला. दुसऱ्यानं कांद्यावर वर्तमानपत्र झाकलं, जणू दोष कांद्याचाच होता.

निवृत्तीनं बाटली खाली ठेवली. "चला," तो म्हणाला, "मी दाखवतो. तुम्ही एकटे गेलात तर परत इथंच याल."

शेडला वळसा घालून दोघं निघाले. पन्नास पावलांची वाट. निवृत्ती खाली बघत चालत होता.

"तुमाला कसं ठावं?" हनुमंतनं विचारलं.

"मी गेलतो दोनदा. चांगली मंडळी आहेत. तिसऱ्या गुरुवारी निघालो तर शेड आधी लागली." तो ओशाळं हसला. बालवाडीच्या फाटकाशी थांबून म्हणाला, "तुम्ही व्हा आत. आत जाईपर्यंत मी इथं उभा आहे."

"तुमी बी चला की."

"आज नको," निवृत्ती म्हणाला. पण हनुमंतनं दार ढकलेपर्यंत तो खरंच हलला नाही. दुसऱ्याला इतकं जपून पोचवणारा माणूस स्वतः परत फिरला, याचं हनुमंतला फार वाईट वाटलं.

आत भिंतीवर अननस, आगगाडी आणि इमारत होती. खाली दहा-बारा थोराड माणसं चिमुकल्या रंगीत खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. हसू यावं असंच दृश्य होतं, पण हनुमंतचं हसू घशातच राहिलं, कारण निळ्या खुर्चीवर त्याच्याच आळीतले भिकाजी आबा बसले होते.

भिकाजी आबा म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. दर गुरुवारी दाढी करून, अत्तर लावून लोणावळ्याला जायचा. कुठं जातो ते कुणालाच सांगायचा नाही. त्यामुळं आबांनी लोणावळ्यात दुसरं घर केलंय, याबद्दल भाज्यात कुणाच्या मनात शंका नव्हती. हनुमंतनं तर ती बातमी दोन वाड्यांवर स्वतः पोचवली होती.

तो मागं वळणार तोच आबा म्हणाले, "हनम्या, पळू नगंस. तू मला बघितलंस, म्या तुला बघितलं. फिट्टंफाट झाली. बस खाली."

"आबा, तुमी? पर गावात तर म्हणत्यात..."

"बाई ठिवलीय म्हणत्यात, व्हय ना? म्हणू दे. सुरवातीला मला बी तेच बरं वाटलं. दारू सोडाया जातो म्हणायची लाज, आन बाई ठिवलीय म्हटलं तर चार मान्सं उलट मान देत्यात." आबा हसले. "म्हातारीला ठावं हाये. तीच अत्तर लावून देती."

हनुमंत एका लाल खुर्चीत कसाबसा मावला. फोनवरचा सुहास समोरच बसला होता. नगरपालिकेत कारकून वाटावा असा साधा माणूस. एकेक जण आपलं नाव सांगायचा आणि पुढं म्हणायचा, "मी दारुडा आहे." असं म्हणायचा की जणू आपण चिक्कीच्या दुकानात कामाला आहोत असं सांगतोय. हनुमंतची पाळी आली. नाव निघालं. पुढचं वाक्य जिभेच्या टोकावर येऊन बसलं आणि तिथंच राहिलं.

"मी... मी इकत घेत न्हाई," तो म्हणाला.

सगळे हसले, पण त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं. "मीही नाही घ्यायचो," सुहास म्हणाला. "मला ठेकेदार पाजायचे."

"आन मला वरातीत मिळायची," आबा म्हणाले. "तालुक्यातली एक वरात सोडली न्हाई. नवरा-नवरीची नावं इचारली तर सांगता यायची न्हाईत."

मग हनुमंतनं सगळं सांगितलं. फ्रिज, तेवीस पाहुणे, तलाव, पोरीनं पुसलेला पाय. शेवटी म्हणाला, "बाकीच्या दिशी मी रेटून नेईन. पर सोमवारी त्या बंगल्यात मी आन ती, दोघंच आसतो. तितं मी हरतो."

कुणी उपदेश केला नाही. आबांनी फक्त विचारलं, "सफाई किती वाजता करतूस?"

"आठला."

"बरं," आबा म्हणाले, आणि पाळी पुढच्या माणसाकडे गेली.

पाहुणे आले, नाचले, तलावात खुर्च्या टाकल्या, त्या काढता काढता हनुमंत भिजला, आणि रविवारी दुपारी नेहमीचा निरोप मिळाला, "काका, राहिलंय ते तुम्ही ठेवा!" त्यानं फ्रिजकडे पाठ केली, कुलूप लावलं आणि घरी आला. जेवणात त्याचं लक्ष नव्हतं. सोमवारी सकाळी तो साडेसातलाच बंगल्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. किल्ली मुठीत होती. आत जाऊ नये असं त्याला मनापासून वाटत होतं आणि पाय मात्र आत ओढत होते.

पावणेआठला फाटक वाजलं. भिकाजी आबा, सुहास आणि बालवाडीत पिवळ्या खुर्चीवर बसलेले एक चिक्कीवाले शेट, अशी तिघं झाडू घेऊन उभी होती. सुहासनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. निवृत्ती काही आला नव्हता.

"बघत काय बसलास, उघड दार," आबा म्हणाले.

बाटल्या नऊ निघाल्या. चौघांनी त्या पायऱ्यांवर आणून रांगेत मांडल्या. "तूच वत," आबा म्हणाले, आणि हनुमंत एकेक बाटली गटाराच्या तोंडाशी उपडी करू लागला. पाचव्या बाटलीला त्याचा हात थबकला. ती जवळजवळ भरलेली होती, भारीतली होती. तेवढ्यात चिक्कीवाले शेट अतिशय गंभीरपणे म्हणाले, "ही मला फार आवडायची," आणि सगळ्यांना असं हसू फुटलं की हसता हसताच ती रिकामी झाली.

नेमकी त्याच वेळी फाटकातून रेणुका आत आली. सोमवार म्हणून तिला घरी बसवेना, ती भाताचं काम अर्धं टाकून आली होती. तिला काय दिसलं? पायऱ्यांवर रिकाम्या बाटल्यांची रांग, सगळीकडे तो वास, आणि खदाखदा हसणारे चार पुरुष. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मग तो परत आला, लालभडक होऊन.

"आत्तापतुर एकटं पीत व्हतात," ती कडाडली, "आता मंडळी जमवली व्हय? आन आबा, तुमी बी? तुमच्या वयाला शोभतं का?" शेटच्या हातातला झाडू तिनं हिसकून घेतला आणि उलटा धरला.

आबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तिथलं तिथं ठेवायचं, हा नियम होता. सुहास आपल्या चपलेकडे बघू लागला. तिघांनीही हनुमंतकडे नजर टाकली. खरं सांगायचं तर ते त्याचंच सांगणं होतं, दुसऱ्या कुणाला ते सांगताच आलं नसतं.

हनुमंतनं बाटली खाली ठेवली. "रेणुका," तो म्हणाला, "ह्यांचं मी काय सांगनार न्हाई. माजं सांगतो." बालवाडीत जिभेवरच राहिलेलं ते वाक्य आता निघालं, आणि निघताना त्याला वाटलं होतं तेवढं ते जड नव्हतं. "मी दारुडा हाये. आज चवदा दिस झालं, घेतली न्हाई. आज बी न्हाई घेतली. वास घेऊन बघ."

रेणुका जवळ आली. तिनं खरंच वास घेतला; पाच वर्षांची सवय होती. मग एकेका बाटलीकडे पाहिलं, गटाराकडे पाहिलं. झाडू हळूहळू सुलटा झाला.

"तुमी दारुडं हाय, हे मला पाच वर्सं ठावं हाये," ती म्हणाली. "आख्ख्या भाज्याला ठावं हाये. तुमालाच तेवढं कुनी सांगितलं नव्हतं."

आणि ती पायरीवर बसून रडली, आणि रडता रडता हसली, आणि ते तिघं जाणते पुरुष आभाळात काही आहे का ते बघत उभे राहिले. हनुमंत तिच्या शेजारी बसला. किती वर्षांनी बसला होता, हे त्यालाही आठवेना.

थोड्या वेळानं रेणुकानं पदरानं नाक पुसलं, उठली आणि झाडू ओल्या पायरीवर टेकवला.

"हितं वास ऱ्हायला नगं," ती म्हणाली. "बसलाय काय? पानी आना."

हनुमंत बादली घेऊन नळाकडे पळाला.